वडशाच्या नाटकाला किती वॉट लागतात?

दिवाळी झाली की गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजला, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या वडशाला, वेगळीच जाग येते. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातल्या, नाटक कंपन्यांची कार्यालयं याच गावात आहेत. आरमोरी, कुरखेडा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही अशा भागांतली मंडळं येतात, नाटक ठरवतात, इसार देतात. मंडई (दिवाळीनंतरची जत्रा) किंवा शंकरपट (बैलांची शर्यत) असलेल्या दिवशी रात्री नाटक हवंच, ही इकडची रीत. याच रंगभूमीवर उभं आयुष्य काढलेल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राने या नाटकांकडे जरा मान वळवून पाहिलं.

नाटक, नट, लेखक यांच्याबद्दल थोडंफार लिहिलं जातं. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत संवाद पोचवणाऱ्या साउंडवाल्याबद्दल मात्र कोणी लिहीत नाही. मंडळाचा कार्यकर्ताही त्याला एकच प्रश्न विचारतो, ‘मशीन किती वॉटची?’ हा प्रश्न चुकीचा नाही, पण सगळ्यात आधी विचारायचा नक्कीच नाही.

मशीन म्हणजे पॉवर ॲम्प्लिफायर. माईकमधून निघणारा विद्युत संदेश काही हजारांश व्होल्टचा असतो. मिक्सरमधला प्रीॲम्प तो एखाद्या व्होल्टपर्यंत वाढवतो आणि आवाजाचा पोत ठरवतो. पॉवर ॲम्प त्यात आपली भर न घालता फक्त ताकद देतो, म्हणजे स्पीकरचा कागदी पडदा हलवण्याइतका विद्युतप्रवाह पुरवतो. रॅकमध्ये बसवलेला गिटारचा प्रीॲम्प असो की नाटकाचा मिक्सर, पुढची मशीन निवडायचं गणित बरंचसं सारखं आहे.

या गणितात सगळ्यात जास्त फसवतो तो वॉट. मशीनची ताकद दुप्पट केली की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो आणि तेवढा फरक कानाला जेमतेम कळतो. आवाज दुप्पट वाटायला सुमारे 10 डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. समजा, स्पीकर 1 वॉटवर 1 मीटर अंतरावर 98 डेसिबल देतो. त्याला 1000 वॉट दिले तर कागदावर 128 डेसिबल होतात. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल घटतात, म्हणून 32 मीटरवरच्या प्रेक्षकाला पुन्हा 98च मिळतात. मशीन 500 वॉटची असती तर त्याला 95 मिळाले असते. आता उलट पाहा. मशीन तीच ठेवून 1 वॉटवर 95 ऐवजी 98 डेसिबल देणारा स्पीकर घेतला, तर दुप्पट वॉटची मशीन घेतल्याचाच लाभ होतो. म्हणून पैसे आधी स्पीकरवर घालावेत, मशीनवर नंतर. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या ‘पीएमपीओ’ आकड्याला तर कोणतंच प्रमाण नाही. तो वाचायचाही नाही. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद किती आणि ती किती ओहमवर, म्हणजे स्पीकरच्या किती विद्युत अडथळ्यावर, एवढंच पाहायचं.

नाटकात आणखी एक अडचण असते, ती ऑर्केस्ट्राला फारशी जाचत नाही. झाडीपट्टीत रंगमंचावर वरून माईक टांगलेले असतात आणि नट त्यांच्याखाली येऊन संवाद म्हणतो. तोंड आणि माईक यांच्यात हात-दीड हाताचं अंतर राहतं. साउंडवाला आवाज चढवतो, स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरतो आणि ऐन रडण्याच्या प्रसंगात शिट्टी वाजते. चालू माईकची संख्या दुप्पट झाली की ही शिट्टी 3 डेसिबल आधी येते. एकाऐवजी चार माईक उघडे असतील तर 6 डेसिबल गेले. अशा वेळी 2000 वॉटची मशीन आणली तरी उपयोग शून्य, कारण मशीन पुरी पडण्याआधीच शिट्टी आडवी येते. ज्या माईकखाली कोणी नाही तो बंद ठेवणारा आणि स्पीकर माईकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला लावणारा माणूस कोणत्याही महागड्या मशीनपेक्षा मोलाचा.

मग मशीन मोठी घ्यायचीच कशाला? संवादासाठी नाही, गाण्यांसाठी. ऑक्टोपॅडचा ठोका सरासरी आवाजाच्या कितीतरी वर उसळतो. त्या क्षणी मशीन कमी पडली तर आवाजाची लाट वरून-खालून छाटली जाते आणि अशा छाटलेल्या लाटेने ट्वीटर जळतो. छोट्या मशीनने मोठा स्पीकर जळतो, हे अनेकांना पटत नाही, पण होतं तसंच. स्पीकर सतत 300 वॉट पेलणारा असेल तर त्याच ओहमवर 450 ते 600 वॉट देणारी मशीन घ्यावी आणि तिचा कान शेवटपर्यंत पिळू नये.

ओहमचा हिशेब तर हंगामात हमखास चुकतो. 8 ओहमचे दोन ‘टॉप’, म्हणजे स्पीकरचे डबे, समांतर जोडले की मशीनला 4 ओहम दिसतात, चार जोडले की 2. मशीनच्या पाठीमागे ‘किमान 4 ओहम’ लिहिलेलं असताना गर्दी पाहून आणखी दोन डबे लटकवले, की ती तापते आणि स्वतःला बंद करून घेते. ही सोय नसलेली जुनी मशीन थेट जळते.

तारेकडेही लक्ष हवं. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने 30 मीटरवरचा स्पीकर जोडला तर जाऊन-येऊन सुमारे पाऊण ओहमचा अडथळा होतो. 4 ओहमच्या स्पीकरपुढे मशीनच्या ताकदीचा सहावा-सातवा हिस्सा तारेतच गरम होऊन जातो. मशीन स्पीकरजवळ ठेवावी, लांबवायचीच असेल तर मिक्सरची तार लांबवावी.

वीज हा या भागातला वेगळा विषय. प्रयोगाची सगळी भिस्त पुष्कळदा जनरेटरवर असते आणि दिवे, पंखे, मशीन एकाच जनरेटरवर असतात. जुन्या पद्धतीच्या एबी वर्गाच्या मशीनमध्ये पूर्ण जोरावर निम्म्याच्या आसपास वीज उष्णतेत जाते. डी वर्गाची मशीन 85-90 टक्क्यांपर्यंत वीज स्पीकरपर्यंत पोचवते आणि तिच्यात बहुधा लोखंडी ट्रान्सफॉर्मरचं ओझं नसल्याने एक माणूस ती सहज उचलतो. रोज नव्या गावी सामान चढवायचं-उतरवायचं असेल तर डी वर्गच घ्यावा. जुन्या जड मशीनच्या आवाजाला ‘वजन’ असतं, असं म्हणणारे भेटतील. डोळे मिटून दोन्ही ऐकवल्यावर किती जण ओळखतील, ही शंकाच आहे.

नाटकाच्या वाद्यवृंदात रॅकवाली इलेक्ट्रिक गिटार आणू पाहणाऱ्या तरुणांसाठी एक वेगळी सूचना. गिटारच्या 12 इंची स्पीकरमधून सुमारे 5000 हर्ट्झच्या वरचा आवाज फारसा निघत नाही, आणि तिचा ओळखीचा आवाज त्यामुळेच घडतो. तोच प्रीॲम्प मंडपाच्या डब्यावर लावला तर आवाज टोचतो. त्यासाठी गिटारचा डबा वेगळा घ्यावा, नाहीतर त्या डब्याची नक्कल करणारी सोय प्रीॲम्पमध्ये हवी. व्हॉल्व्हची पॉवर मशीन स्पीकर न जोडता कधीही चालू करू नये, तिचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे वर जाणारा आवाज वाकून खाली येतो आणि दोन गावं ओलांडून ऐकू जातो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 भोंग्यांना मनाई आहे. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. झाडीपट्टीचं नाटक मात्र पहाटेपर्यंत चालतं. तेव्हा मंडळाने पोलीस ठाण्याचा कागद आधी मिळवावा आणि स्पीकर उंच बांधून तोंड खाली, प्रेक्षकांकडे झुकवावं.

दिवसा पटाच्या मैदानातली धूळ आणि रात्रीचं दव हे दोन्ही मशीनच्या जिवावर उठतात. पंख्याची जाळी रोज झटकावी आणि रॅकवर ताडपत्री असावी, पण मागची हवा कोंडता कामा नये. मशीन नवी घ्यायची असेल तर खरेदी पावसाळ्यातच उरका. दुकानातल्या आवाजावर न जाता आपलेच स्पीकर, आपलीच तार आणि आपलाच जनरेटर लावून ती तासभर चालवून पाहा, पैसे त्यानंतर द्या.