त्रेपन्न आणि पन्नास तीन

पहिल्या सत्रात मूल शाळेत काय शिकले, असे विचारले असता पुष्कळ घरांतून ‘शंभरापर्यंतचे आकडे’ असे उत्तर मिळते. उत्तर लहान आहे. पण त्यामागील कार्य लहान नाही. सहा-सात वर्षांचे बालक या काळात दोन गोष्टी एकाच वेळी आत्मसात करीत असते. एक, अंक मांडण्याची पद्धती; आणि दुसरी, त्या अंकांना भाषेने दिलेली नावे. वडील माणसांच्या या दोन्ही गोष्टी इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात, की त्या वेगळ्या आहेत याचे भानही त्यांना उरत नाही. मुलाला मात्र त्या वेगळ्याच नव्हे, तर पुष्कळदा परस्परविरुद्ध वाटतात.

५३ ही संख्या घ्यावी. ती लिहिताना प्रथम पाच आणि मग तीन लिहावयाचे. तिचे नाव उच्चारताना मात्र ‘त्रे’ म्हणजे तीन आधी येतो आणि ‘पन्न’ म्हणजे पन्नास मागाहून येतो. कान तीन ऐकतो आणि हाताने पाच लिहावे अशी अपेक्षा असते. ‘त्रेपन्न’ म्हटल्यावर एखादे मूल पाटीवर ३५ लिहिते, ते आळसाने नव्हे. ऐकले त्या क्रमाने ते लिहीत असते.

ही नावे संस्कृतातून प्राकृताच्या वाटेने मराठीत आली. द्वाविंशतीचे बावीस झाले, द्वापञ्चाशत्‌चे बावन्न झाले, द्वासप्ततीचे बहात्तर झाले. शतकानुशतके बोलण्याच्या ओघात हे शब्द झिजले आणि गुळगुळीत झाले. त्यामुळे ‘दोन’ शिकलेल्या मुलाला ‘बावन्न’मध्ये दोन सापडत नाही, आणि ‘सत्तर’ शिकलेल्याला ‘बहात्तर’मध्ये सत्तर ओळखू येत नाही. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस यांची तऱ्हा निराळी. तिथे नऊ मिळवावयाचे नसून पुढच्या दशकातून एक उणा करावयाचा असतो. अशा रीतीने शंभरापर्यंतचे जवळजवळ प्रत्येक नाव स्वतंत्रपणे पाठ करावे लागते.

उत्तरेकडील हिंदी, गुजराती, बंगाली या भगिनी भाषांची स्थिती याहून वेगळी नाही. दक्षिणेकडील भाषांत मात्र दशक आधी येते. कानडीत एकवीसला ‘इप्पत्तोंदु’ म्हणतात, म्हणजे वीस आणि एक. बंगळूरमधील मराठी मूल घरात एक पद्धत ऐकते आणि अंगणात दुसरी. इंग्रजीतही विसाच्या पुढे दशकच आधी उच्चारले जाते. जर्मन भाषेत मात्र मराठीप्रमाणे एकक पहिले. तेव्हा हा प्रश्न एकट्या मराठीचा नव्हे.

२०१९ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात हा विषय एकाएकी घरोघरी पोचला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’, बावन्नला ‘पन्नास दोन’ अशा वाचनाची जोड देण्यात आली होती. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्याची बाजू मांडली. नाव आणि लेखन यांचा क्रम जुळला म्हणजे मुलाचा गोंधळ टळतो, हा तिचा गाभा होता. या पद्धतीत केवळ अठ्ठावीस शब्दांवर शंभरापर्यंत मजल मारता येते: एक ते दहा ही दहा नावे, अकरा ते एकोणीस ही नऊ, वीस ते नव्वद ही दशकांची आठ, आणि शंभर.

विरोध झाला, तोही निराधार नव्हता. संख्येचे नाव हे केवळ गणिताचे साधन नसते. त्यावर भाषेचे बरेच व्यवहार उभे असतात. बावनकशी सोने, वडिलांची पंच्याहत्तरी, शहाण्णव कुळे यांचा अर्थ ‘पन्नास दोन’ किंवा ‘नव्वद सहा’ म्हणून उलगडणार नाही. दोघांत ‘छत्तीसचा आकडा’ का म्हणतात, हे कळण्यास छत्तीस हे नाव तर हवेच, शिवाय देवनागरी ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ फिरवून कसे उभे असतात तेही पाहिलेले हवे.

वस्तुतः दोन्ही पक्षांचे म्हणणे वर्गात एकत्र नांदू शकते. जाणता शिक्षक नावापासून आरंभ करीतच नाही. तो मुलांच्या हाती काड्या देतो. दहा काड्या झाल्या की दोऱ्याने बांधून जुडी करावयाची. उरतील त्या सुट्या. पाच जुड्या आणि तीन सुट्या काड्या समोर असल्या, म्हणजे ‘पन्नास आणि तीन’ हे डोळ्यांना दिसते, ५३ हे लेखन त्यातूनच निघते, आणि ‘यालाच त्रेपन्न म्हणतात’ हे शेवटी सांगितले तरी मनावर ठसते. पुढे २८ मध्ये ३५ मिळवताना आठ आणि पाच अशा तेरा सुट्या काड्या होतात. त्यांतील दहांची नवी जुडी बांधली जाते. हातचा एक तो हाच. ज्याने ती जुडी स्वतः बांधली, त्याला हातचा हा मंत्र वाटत नाही. ज्याने बांधली नाही, तो चौथी-पाचवीतही बेरजेला भितो. आणि गणिताची भीती एकदा मनात बसली, की ती सहजी निघत नाही. तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता, लिहिता आणि हिशेब करता यावा, हे ध्येय केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२१ मध्ये पुढे ठेवले, त्याचेही मर्म हेच आहे.

शाळेत काय शिकवावे हे काळाप्रमाणे बदलत आले आहे. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे एके काळी प्रत्येक मुलाच्या तोंडी असत. रुपयाचे सोळा आणे होते, तोवर बाजारात त्यांचा नित्य उपयोग होता. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, दशमान पद्धती रूढ झाली, आणि ते पाढे हळूहळू मावळले. नॉर्वे देशाने तर १९५१ साली सरकारी निर्णयाने संख्यावाचनाचा क्रम बदलून दशक आधी आणले. तरीही जुनी रीत लोकांच्या बोलण्यातून गेली नाही. शाळा नवी वाट घालू शकते. जुनी वाट राहते की बुजते, हे घराघरांतील बोलण्यावर अवलंबून असते.

आज महाराष्ट्रात काय, इंदूर-बडोद्यात काय, इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या अनेक मराठी मुलांना आजोबांनी सांगितलेले ‘सत्त्याऐंशी’ इंग्रजीत करून द्यावे लागते. त्या मुलांपुढे ‘त्रेपन्न’ की ‘पन्नास तीन’ हा वादच उरलेला नाही; त्यांना दोन्ही परकी आहेत. यावर उपाय पाठ्यपुस्तकापेक्षा घरात अधिक आहे. जिन्याच्या पायऱ्या मोजताना, भाजीचा हिशेब करताना, दिनदर्शिकेवरील तारीख सांगताना मराठी नावे मुलाच्या कानी पडत राहिली, तर ती पाठ करून घ्यावी लागत नाहीत. दशकाची जुडी शाळेने बांधून घ्यावी आणि तिचे नाव घराने कानी घालावे, म्हणजे त्रेपन्न ऐकून मूल ३५ लिहिणार नाही, आणि ५३ पाहून मराठी विसरणार नाही.