विश्लेषण : दिवसभर माऊस हातात, रात्री बोटांना मुंग्या… आरामदायी माऊस निवडायचा कसा?

तानसा नदीकाठचे गणेशपुरी दोन गोष्टींसाठी ओळखले जाते. एक म्हणजे नित्यानंद स्वामींचे समाधी मंदिर आणि दुसरी गरम पाण्याची कुंडे. गुडघे, कंबर, खांदे धरलेले लोक लांबून येऊन या कुंडांत बसतात. शेजारच्या वज्रेश्वरी आणि अकलोलीतही हेच चित्र असते. या जुन्या दुखण्यांत आता संगणकावर बसणाऱ्या हाताच्या दुखण्याची भर पडली आहे. ते कशामुळे होते, माऊस बदलून ते थांबते का आणि माऊस घेताना नेमके काय पाहावे, याचा हा आढावा.

*माऊसचे काम गावात पोहोचले कसे?*

‘संगणकावरचे काम’ म्हटले की डोळ्यासमोर पुण्या-मुंबईचे आयटी पार्क येते. प्रत्यक्षात गावातही अनेकांचा हात दिवसभर माऊसवर असतो. राज्यातील ग्रामपंचायतींत २०११ पासून ‘संग्राम’ प्रकल्पातून संगणक परिचालक आले. पुढे हे काम ‘आपले सरकार सेवा केंद्रां’कडे गेले. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा दाखला असो की सातबारा, सगळे पडद्यावर आले. दहावी-बारावीच्या निकालानंतर तर केंद्रांपुढे रांगा लागतात. २०२४च्या जुलै-ऑगस्टमध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेच्या अर्जांसाठी उसळलेली गर्दी अनेकांना आठवत असेल.

भिवंडी तालुक्याचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे मुंबई-नाशिक महामार्गालगतची गोदामे. आलेल्या-गेलेल्या मालाची नोंद, बिले, ई-वे बिल हे सारे काम संगणकावर चालते. सेवा केंद्र चालकाची कमाई बहुतांशी अर्जांच्या संख्येवर असते. हात दुखू लागला की वेग मंदावतो आणि त्याचा फटका थेट खिशाला बसतो.

*मनगटात नेमके काय होते?*

तळहाताच्या सुरुवातीला हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामधून एक अरुंद बोगदा जातो. यालाच कार्पल टनेल म्हणतात. बोटे वाकवणाऱ्या नऊ कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, या बोगद्यातून जातात. त्यांच्यासोबत मीडियन नर्व्ह ही नसही असते. मनगट मागे वळले की बोगद्यातील दाब वाढतो.

माऊस वापरताना हेच घडते. टेबल उंच असेल तर मनगट टेबलाच्या कडेवर टेकते आणि पंजा वर उचललेला राहतो. शिवाय पालथा हात करंगळीच्या बाजूला थोडा वाकतो. एकाच बोटाने हजारो क्लिक होतात आणि क्लिक नसतानाही बोट बटणावर तरंगत ठेवावे लागते. पोते उचलण्याइतकी ताकद यात लागत नाही. पण पोते खाली ठेवले की हात मोकळा होतो, माऊस धरलेला हात तासन् तास मोकळा होत नाही.

*म्हणजे माऊसमुळेच ‘कार्पल टनेल’ होतो का?*

सरसकट तसे म्हणता येत नाही. डेन्मार्कमधील सुमारे सात हजार तांत्रिक कर्मचाऱ्यांचा अभ्यास २००३ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आठवड्याला २० तासांहून अधिक माऊस वापरणाऱ्यांत मुंग्या आणि बधिरपणाच्या तक्रारींची शक्यता वाढलेली दिसली. कीबोर्डच्या वापराशी तसा संबंध आढळला नाही. मात्र संगणकाचा वापर हा कार्पल टनेलचा मोठा व्यावसायिक धोका ठरत नाही, असाही निष्कर्ष संशोधकांनी काढला.

मधुमेह, थायरॉइडची कमतरता आणि गर्भारपण यांमध्येही या नसेवर दाब येऊ शकतो. त्यामुळे हाताला मुंग्या आल्या की सगळा दोष माऊसला देऊन मोकळे होणे चुकीचे ठरते. तसेच हात दुखतो म्हणजे कार्पल टनेलच आहे, असेही नसते. अनेकदा दुखणे कोपराजवळच्या स्नायूंत, अंगठ्याच्या मुळाशी किंवा खांद्यात असते.

*माऊस किती मोठा असावा?*

चप्पल घेताना नंबर पाहिला जातो, माऊस मात्र संगणकासोबत मिळेल तो वापरला जातो. हाताचे माप घेणे सोपे आहे. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टीने मोजावे. या लांबीच्या साधारण ६० टक्के लांबीचा माऊस हाताला बसतो, असा ढोबळ हिशेब आहे. हात १७ सेंटिमीटरचा असेल तर माऊस १० सेंटिमीटरच्या आसपास, १९ सेंटिमीटरचा असेल तर साडेअकराच्या जवळपास. बहुतेक कंपन्या माऊसची लांबी, रुंदी आणि उंची खोक्यावर किंवा संकेतस्थळावर देतात.

लॅपटॉपच्या बॅगेत मावणारे चपटे, छोटे माऊस प्रवासापुरते ठीक असतात. दिवसभर वापरले तर बोटे आखडून धरावी लागतात. उलट, लहान हातात मोठा माऊस असेल तर बटणापर्यंत बोटे ताणावी लागतात.

दुकानात माऊस नुसता दाबून पाहू नये, दोन मिनिटे धरून हलवून पाहावा. तळहात टेकतो का, बोटे न ताणता बटणावर जातात का, करंगळी टेबलावर घासते का आणि अंगठ्याने चिमटीत धरावे लागते का, या चार गोष्टी तपासाव्यात. ऑनलाइन घेताना परत करण्याची मुदत आधी पाहून ठेवावी.

*तारेचा घ्यावा की वायरलेस?*

आरामाच्या दृष्टीने दोन्हींत मोठा फरक नाही. तार टेबलाच्या कडेला अडकत असेल तर प्रत्येक वेळी हाताला हिसका बसतो, तिथे वायरलेस बरा. पण वायरलेसमध्ये सेलचे वजन वाढते. एका साध्या पेन्सिल सेलचे वजन सुमारे २३ ग्रॅम असते. माऊस सरकवताना हे जाणवत नाही, तो सारखा उचलून पुन्हा ठेवावा लागत असेल तर जाणवते.

बटण हलके असणे अधिक महत्त्वाचे. जुन्या माऊसची बटणे झिजली की एका क्लिकला दोन क्लिक होतात किंवा जोर लावावा लागतो. अशा वेळी हात नकळत माऊस घट्ट आवळतो. असा माऊस बदलणेच योग्य.

कोकणपट्टीच्या दमट हवेत रबरी, मऊ लेप असलेले माऊस काही काळाने चिकट होतात. घाम येणाऱ्या हातासाठी साधे, किंचित खरखरीत प्लास्टिक टिकाऊ ठरते. डावखुऱ्यांनी दोन्ही बाजूंना सारख्या आकाराचा माऊस पाहावा. उजव्या हातासाठी वळण दिलेला माऊस डाव्या हातात कधीच नीट बसत नाही.

*‘उभा’ माऊस घेतला तर दुखणे थांबेल?*

हस्तांदोलनासाठी हात पुढे करावा तसा पंजा ठेवून धरायचा माऊस म्हणजे व्हर्टिकल किंवा उभा माऊस. त्यामुळे कोपराखालच्या हाताला पीळ बसत नाही आणि मनगट करंगळीकडे कमी वाकते. अनेकांना तो आरामदायी वाटतो.

पण तो उपचार नाही. कार्पल टनेल असलेल्या २१ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये ‘अप्लाइड एर्गोनॉमिक्स’ या नियतकालिकात आला. उभ्या माऊसने मनगटाची ठेवण सुधारली, परंतु बोगद्यातील दाब कमी झाला नाही. जेलच्या पॅडबाबतही तेच दिसले. म्हणून ‘डॉक्टरांची गरज नाही’ छापाच्या जाहिरातींवर विसंबू नये. साधा तारेचा माऊस तीन-चारशे रुपयांत येतो, तर नामांकित कंपन्यांच्या उभ्या माऊसला काही हजार रुपये मोजावे लागतात. एवढा खर्च करण्यापूर्वी ओळखीच्या कुणाचा माऊस दोन दिवस वापरून पाहणे शहाणपणाचे. सवय होईपर्यंत सुरुवातीला वेग कमी होतो, हेही लक्षात ठेवावे.

ट्रॅकबॉलमध्ये माऊस जागेवरच राहतो आणि फक्त चेंडू फिरवायचा असतो. टेबलावर जागा कमी असेल किंवा खांदा दुखत असेल तर तो उपयोगी पडतो. मात्र अंगठ्याने फिरवायचा प्रकार घेतला आणि आधीच अंगठा दुखत असेल तर त्रास वाढू शकतो. दिवसभर मोबाइलवर अंगठा चालवणाऱ्यांनी बोटांनी फिरवायचा प्रकार पाहावा.

*माऊस ठेवायचा कुठे?*

चांगला माऊस चुकीच्या जागी असेल तर त्याचे पैसे वाया जातात. माऊस कोपराच्या उंचीवर आणि अंगाजवळ हवा. अनेक ठिकाणी टेबल उंच आणि खाली प्लास्टिकची खुर्ची असते, तिची उंची बदलता येत नाही. अशा वेळी खुर्चीवर घट्ट उशी घ्यावी आणि पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवावा.

दुसरी अडचण कीबोर्डची. उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांमुळे माऊस आणखी बाहेर ढकलला जातो आणि दिवसभर खांदा फाकलेला राहतो. आकडे फारसे टाकावे लागत नसतील तर ती बटणे नसलेला छोटा कीबोर्ड घ्यावा. बिले आणि नोंदी करणाऱ्यांना आकड्यांची बटणे लागतातच. त्यांनी माऊस डाव्या हाताला घेऊन पाहावा. उजवा हात आकड्यांवर, डावा माऊसवर, अशी विभागणी काही दिवसांत अंगवळणी पडते.

तिसरी गोष्ट काचेची. सेवा केंद्रांच्या टेबलांवर बऱ्याचदा काच असते. साधा ऑप्टिकल माऊस पारदर्शक काचेवर नीट चालत नाही, बाण उड्या मारतो आणि हात दुप्पट हलतो. खाली साधा कापडी पॅड किंवा पुठ्ठा ठेवला तरी फरक पडतो. फुगीर पॅड असेल तर त्यावर तळहाताचा मागचा भाग टेकवावा, मनगट दाबून ठेवू नये.

*पैसे न खर्च करता काय करता येईल?*

बाणाचा वेग वाढवणे हा पहिला उपाय. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’मध्ये माऊसचा पर्याय असतो. थोड्या हालचालीत बाण पडदाभर फिरेल, पण छोट्या चौकटीवरून घसरणार नाही, इतका वेग ठेवावा. डावा-उजवा क्लिक बदलण्याची सोयही तिथेच आहे.

दुसरा उपाय माऊसला हात कमी लावण्याचा. ऑनलाइन अर्ज भरताना ‘टॅब’ दाबले की पुढच्या रकान्यात जाता येते आणि ‘शिफ्ट’सोबत दाबले की मागच्या. बऱ्याच अर्जांत यादीतील पर्याय बाणांच्या बटणांनी निवडता येतो आणि चौकटीतील खूण ‘स्पेस’ने होते. एका अर्जात दहा-पंधरा क्लिक वाचले तरी ५० अर्जांच्या दिवसात ५०० ते ७५० क्लिक कमी होतात.

तिसरा उपाय विश्रांतीचा. अर्ज छापला जात असताना किंवा संकेतस्थळ उघडत नसताना अनेकांचा हात माऊसवरच असतो. तो वेळ हात मांडीवर सैल सोडण्यासाठी वापरावा. अर्ध्या तासाने एकदा उठून खांदे फिरवावेत.

*गरम पाण्याने फरक पडतो का?*

थकलेल्या, आखडलेल्या स्नायूंना उबेने बरे वाटते. कुंडातून बाहेर आल्यावर हात हलका वाटतो तो त्यामुळे. पण दाबलेली नस त्याने मोकळी होत नाही. दुसऱ्या दिवशी तोच माऊस त्याच उंच टेबलावर असेल तर दुखणे परततेच. बधिरपणा असलेल्यांनी, विशेषतः मधुमेहींनी, अधिक काळजी घ्यावी. बधिर हाताला पाणी किती गरम आहे हे कळत नाही आणि भाजण्याचा धोका असतो. मनगट सुजलेले, लाल झालेले असेल तर शेक टाळावा.

अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांत मुंग्या येणे, रात्री त्यामुळे जाग येणे, हातातून कप निसटणे किंवा अंगठ्याखालचा उंचवटा बसलेला दिसणे ही लक्षणे असतील तर अस्थिरोग किंवा मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांना दाखवावे. करंगळीत मुंग्या असतील तर अनेकदा कोपर टेबलाच्या कडेवर टेकण्याची सवय कारणीभूत असते. नसेची तपासणी करून नेमके निदान होते. सुरुवातीच्या टप्प्यात रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा पुरतो, फार उशीर झाला तर शस्त्रक्रिया लागू शकते.

*माऊस घ्यायचा कुणी?*

बहुतेक ठिकाणी माऊस संगणकाच्या संचासोबत येतो आणि तो निवडणारा एक, वापरणारा दुसराच असतो. युरोपीय देशांत १९९०च्या एका निर्देशानुसार पडद्यासमोर काम करणाऱ्यांची बैठक तपासणे ही मालकाची जबाबदारी आहे. आपल्याकडे निदान खरेदीच्या वेळी वापरणाऱ्याच्या हाताचे माप विचारता येईल. केंद्राचा किंवा गोदामाचा मालक प्रिंटरची शाई आणि इन्व्हर्टरची बॅटरी दरवर्षी खर्चात धरतो. त्याच यादीत चारशे रुपयांचा योग्य मापाचा माऊस आणि खुर्चीवरची उशी बसवणे अवघड नाही. ते होईपर्यंत वापरणाऱ्याने पट्टीने हात मोजावा, माऊस अंगाजवळ ओढावा आणि बाणाचा वेग वाढवावा. या तिन्हींना मिळून पाच मिनिटे लागतात.