पिठलें: घरोघरच्या रीति व त्यांचीं कारणें

पिठलें करतां येत नाहीं अशी गृहिणी महाराष्ट्रांत विरळाच. आणि दोन घरचें पिठलें अगदीं एकसारखें लागतें, असेंही क्वचितच आढळतें. पक्वान्नांच्या कृतींविषयीं मतभेद झाले तर नवल नाहीं; परंतु पीठ, पाणी, मीठ आणि फोडणी एवढ्या सामग्रीवर होणाऱ्या पदार्थाविषयीं घराघरांत वाद व्हावा, हें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटतें. नवी सून स्वयंपाकघरांत आली कीं, "तुमच्याकडे पीठ असें पेरतात वाटतें?" हा प्रश्न तिला बहुधा लवकरच ऐकावा लागतो. प्रश्न साधा, पण त्यांत माहेरच्या वळणाची परीक्षा दडलेली असते. यास्तव या भिन्न रीतींमागें कांहीं कारण आहे कीं केवळ हट्ट, याचा विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

मुख्य रीति तीन. पहिली कालवण्याची: हरभऱ्याच्या डाळीचें पीठ गार पाण्यांत किंवा ताकांत कालवून तें फोडणीच्या उकळत्या पाण्यांत ओतावयाचें. दुसरी पेरण्याची: फोडणीवर पाणी घालून त्यास आधण आलें कीं एका हातानें कोरडें पीठ भुरभुरावयाचें व दुसऱ्या हातानें ढवळीत राहावयाचें. तिसरी झुणक्याची: पीठ फोडणींतच परतावयाचें आणि वर पाण्याचा हबका मारून, झांकण ठेवून वाफ आणावयाची. पाण्याचें मानही निरनिराळें. वाटीभर पिठास झुणक्याला साधारण अर्धी-पाऊण वाटी पाणी, मध्यम पिठल्यास तीन वाट्या आणि पळीवाढें हवें असल्यास चार-पांच. एकच द्रव्य घट्ट-पातळपणामुळें निराळें नांव धारण करतें, ही कल्पना आपणांस नवी नाहीं. आयुर्वेदांत तांदळाच्या पेजेचे मंड, पेया व विलेपी असे भेद याच धोरणानें केलेले आहेत.

वादाचें मूळ बहुधा गुठळींत असतें. पिठांतील पिष्ट सुमारें ६५ ते ७५ अंश उष्णतेला पाणी शोषून फुगतें व चिकट होतें. कोरडें पीठ उकळत्या पाण्यांत पडतांच त्याच्या गोळ्याचा बाहेरचा थर तात्काळ फुगून त्याचें जणुं कवच बनतें. पाणी आंत शिरूं शकत नाहीं व पोटांत पीठ कोरडेंच राहतें. गार पाण्यांत कालवलें असतां मात्र कण आधींच सुटे होतात, मग उष्णता लागते. म्हणून पेरणारीचा हात सतत फिरता हवा. परंतु गुठळी हा सर्वत्र दोषच मानतात असें नाहीं. गांठींचें पिठलें मुद्दाम करणारीं आणि तें आवडीनें खाणारीं घरें पुष्कळ आहेत; तेथें मऊ शिजलेली लहान गांठ हीच परीक्षा, कच्ची गांठ मात्र कोणासच नको. कच्च्या डाळींतील कांहीं द्रव्यें प्रथिनांच्या पचनास अडथळा करतात व शिजण्यानें तीं बरींचशीं निकामी होतात. तेव्हां "पिठलें चांगलें रटरटूं दे" हा सासूबाईंचा आग्रह निव्वळ चवीचा नव्हे.

रीति कां भिन्न झाल्या, याचें उत्तर आपल्या जुन्या "देश, काल, पात्र" या तीन शब्दांत सांपडतें.

प्रथम देश. हरभरा हें रब्बीचें पीक. देशावरील काळ्या जमिनींतल्या ओलीवर तें चांगलें येतें. कोंकणांत भात निघाल्यावर त्याच ओलीवर कुळीथ होतो, म्हणून तेथलें घरगुती पिठलें कुळथाचें. कुळीथ भाजून मग दळीत असल्यामुळें त्या पिठास कच्चट वास उरत नाहीं. आंबटपणास कोंकणांत आमसूल, देशावर ताक किंवा चिंच. सोबतीचें अन्नही विसरूं नये. भातावर घ्यावयाचें पिठलें पातळच हवें. जोंधळ्याच्या भाकरीशीं घट्ट शोभतें. शेतावर फडक्यांत बांधून न्यावयाचें तर झुणकाच हवा. १९९५ सालीं महाराष्ट्र सरकारनें एक रुपयांत झुणका-भाकर देण्याची योजना काढली, तिच्याही मुळाशीं या जोडीची हीच सोय होती.

दुसरा काल. चातुर्मासांत ज्या घरीं कांदा-लसूण वर्ज्य, तेथें हिंग, हिरवी मिरची व कढीलिंब यांवरच भिस्त. रात्रीं उशिरां पाहुणा आला तर पिठल्यांत तांब्याभर पाणी वाढतें, आणि त्याची लाज कोणी बाळगीत नाहीं. पिष्ट निवतांना आळतें, म्हणून पानें वाढावयास वेळ असल्यास जाणती स्त्री पिठलें थोडें पातळ असतांनाच उतरविते. ताटें मांडलेलीं असल्यास जरा घट्ट होऊं देते. एकाच घरांतील दोन जावांचा वाद पुष्कळदां केवळ या दहा मिनिटांचा असतो.

तिसरें पात्र, आणि येथें या शब्दाचे दोन्ही अर्थ लागू पडतात. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यांत ताक कळकतें. लोखंडी कढईंत चिंच-आमसुलानें रंग काळवंडतो. ज्या घरीं जसें भांडें, तशी तेथली आंबटाची निवड ठरत गेली. नुसतें ताक उकळलें तर फाटतें; त्यांत पीठ आधीं कालवलें तर पिष्टामुळें तें बहुधा फाटत नाहीं. म्हणून ताकाचें पिठलें करणारीच्या घरीं कालवण्याचीच रीति असणार, हें ओघानेंच आलें. दुसरा अर्थ खाणाराचा. दांत नसलेल्या आजोबांस पळीवाढें, शाळेंतून भुकेल्या आलेल्या मुलांस तव्यावरील खमंग खरवड.

आतां हें सर्व सांगण्याचें प्रयोजन. १९७० सालीं कमलाबाई ओगले यांचें "रुचिरा" प्रसिद्ध झालें आणि वाटी-चमच्याच्या मापानें असंख्य नवशिक्या मुलींचा स्वयंपाक निभावला. तो उपकार थोर आहे. परंतु कोणत्याही पुस्तकास एक प्रमाण देऊन पुढें जावें लागतें; घरोघरचीं कारणें त्यांत मावत नाहींत. तीं आजवर सासूकडून सुनेकडे आणि आईकडून लेकीकडे बोलून बोलूनच आलीं. आतां चुलीच्या जागीं गॅस आहे, पीठ पुड्यांत येतें, आणि मुलें नोकरीनिमित्त दूर राहतात. कृति टिकेल, पण कारण विसरेल. आणि कारण विसरलें कीं रीतीचा हट्ट तेवढा शिल्लक राहतो. मग त्याच हट्टापायीं एखादी मुलगी सासरीं पहिल्या आठवड्यांतच माहेरचें पिठलें करावयाचें सोडून देते, व एका घराची चव तेथेंच संपते.

यास माझी सूचना एवढीच. सून पीठ पेरूं लागली तर "असें कां?" हें टोमण्यानें न विचारतां जिज्ञासेनें विचारावें, आणि तिचें उत्तर घरांतील वडीलधाऱ्या बायांच्या उत्तराशेजारीं वहींत लिहून ठेवावें. माप एका ओळींत मावेल. कारणास मात्र दोन-चार ओळी राखून ठेवाव्या.