महासागरांतील तहान

चहूंकडे पाणीच पाणी असतां माणूस तहानेनें मरतो, ही गोष्ट किनाऱ्यावर राहणाऱ्यास विपरीत वाटते. परंतु जहाज बुडाल्यावर जे लाटांतून वांचतात, त्यांचा मोठा शत्रु भूक नसून तहान हा असतो. अन्नावांचून धडधाकट माणूस कित्येक आठवडे तग धरूं शकतो; पाण्यावांचून, विशेषतः उष्ण प्रदेशांत, थोडक्याच दिवसांत त्याचा अंत होतो.

मग समुद्राचें पाणी कां पिऊं नये? त्याच्या एका लिटरांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. रक्तांतील जादा मीठ लघवीवाटे बाहेर टाकण्याचें काम मूत्रपिंडें करतात. पण समुद्राच्या पाण्याइतकी खारट लघवी तयार करण्याचें सामर्थ्य माणसाच्या मूत्रपिंडांत नाहीं. म्हणून एक लिटर खारें पाणी पोटांत गेलें, तर त्यांतील मीठ काढून टाकण्यास लिटराहून अधिक पाणी खर्चावें लागतें. ही तूट शरीर आपल्या पेशींतील पाण्यानें भरून काढतें. एक कर्ज फेडण्यास दुसरें अधिक व्याजाचें कर्ज काढावें, तसा हा प्रकार होतो. तहान वाढते, बुद्धीस भ्रम होतो, आणि माणूस पुन्हां तेंच पाणी पिऊं लागतो.

या हिशेबाचें महत्त्व पून लिम या चिनी तरुणाच्या हकीकतीवरून ध्यानांत येतें. हैनान बेटावर जन्मलेला हा २४ वर्षांचा तरुण ‘बेनलोमंड’ या ब्रिटिश मालवाहू जहाजावर वाढप्याचें काम करीत असे. केपटाउनहून दक्षिण अमेरिकेकडे जात असतां २३ नोव्हेंबर १९४२ रोजीं एका जर्मन पाणबुडीनें तें जहाज अटलांटिक महासागरांत बुडविलें. ५४ पैकीं ५३ माणसें प्राणास मुकलीं. सुमारें दोन तास पाण्यांत काढल्यावर लिमला एक लांकडी तराफा सांपडला. लांबीरुंदी जेमतेम आठ आठ फूट. वर बिस्किटांचे डबे, थोडें चॉकलेट, साखर आणि सुमारें ४० लिटर गोडें पाणी.

त्यानें प्रथम शिधा वांटून घेतला. सकाळसंध्याकाळ कांहीं घोट पाणी व दोन बिस्किटें, एवढ्यावर तो राहूं लागला. सांठा संपण्याची वाट न पाहतां, जीवरक्षक जाकिटाचें कापड ताणून पावसाचें पाणी धरण्याची सोय त्यानें केली. बॅटरींतील तार वांकवून त्यानें गळ केला, दोराचे पीळ उलगडून दोरी वळली, आणि डब्याच्या पत्र्याची सुरी करून मासे चिरून वाळत घातले. पाणी आणि अन्न यांची ही सांगड महत्त्वाची आहे. मांस पचल्यावर उरणारीं त्याज्य द्रव्यें बाहेर टाकण्यासही शरीरास पाणीच लागतें. म्हणून प्यावयास पाणी नसेल, तर पोटभर मासळी खाणें उलट तहान वाढवितें.

एकदां वादळानें त्याचें पाणी खारट झालें व वाळविलेले मासे नासले. तेव्हां एक पक्षी पकडून त्याच्या रक्तावर त्यानें वेळ निभावून नेली. एक मालवाहू जहाज जवळून गेलें, पण थांबलें नाहीं. अशा निराशेनंतर पुष्कळांचा धीर खचतो. लिमनें आपला दिनक्रम सोडला नाहीं. प्रथम दोरीला गांठी मारून तो दिवस मोजी. पुढें पौर्णिमा मोजूं लागला. समुद्र शांत असे तेव्हां हातपाय आंखडूं नयेत म्हणून तो तराफ्याभोंवतीं पोहत असे.

५ एप्रिल १९४३ रोजीं, १३३ व्या दिवशीं, ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ तीन कोळ्यांनीं त्यास आपल्या होडींत घेतलें. त्याचें वजन सुमारें ९ किलोग्रॅम घटलें होतें. तरी तो आधारावांचून चालूं शकत होता. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांनीं त्यास पदक देऊन गौरविलें, आणि त्याच्या युक्तींस ब्रिटिश नौदलाच्या मार्गदर्शक पुस्तिकांत स्थान मिळालें.

लिमच्या धैर्याची स्तुति होते ती यथार्थच आहे. परंतु तें धैर्य पहिल्याच दिवशीं, ४० लिटर पाणी समोर असतांना, कांहीं घोटांवर थांबण्यांत दिसून आलें. पुढील १३२ दिवस त्या संयमावर उभे राहिले.