भिंत कलते ती मागच्या मातीमुळे

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या परिसरात घाट नाही, डोंगर नाही. तरीही माती अडवणाऱ्या भिंती इथे कमी नाहीत. रस्त्यापेक्षा प्लॉट उंच घ्यायचा म्हणून भर घातली जाते, टॉवेल-चादरींच्या गठड्या ट्रकमध्ये चढवायला धक्का बांधला जातो, नाल्याची कड धरून ठेवावी लागते, जमिनीखाली पाण्याच्या टाक्या असतात. यातली एखादी भिंत कलली की पहिला संशय सिमेंटवर जातो, दुसरा ठेकेदारावर. भिंतीमागे काय भरलं होतं, हे फारसं कुणी विचारत नाही.

अनेकदा तिथे पायाच्या खोदाईतून निघालेली काळी मातीच असते. जागेवर फुकट मिळते, वाहतुकीचा खर्च वाचतो. दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की पापुद्रे एकमेकांपासून दूर सरकतात आणि माती फुगते. पाणी धरून ठेवण्याच्या याच गुणावर सोलापूरची रब्बी ज्वारी उभी राहते. शेतकऱ्याला तारणारी माती भिंतीला मात्र मारते.

आकडे पाहा. 3 मीटर उंच भिंतीमागे कोरडा मुरूम असेल, तर तळाशी चौरस मीटरला साधारण 2 टन दाब येतो. मागे पाणी तुंबलं तर निव्वळ पाण्याचाच 3 टन. काळ्या मातीला फुगायला जागाच दिली नाही, तर तिचा दाब 5 टनांपासून 20-30 टनांपर्यंत जाऊ शकतो. नेहमीच्या हिशेबाने बांधलेली भिंत एवढं सोसत नाही. ती थोडी पुढे सरकते आणि तेवढ्यापुरता दाब उतरतो.

खरा घात उन्हाळ्यात होतो. पारा चाळिशीपार गेला की माती आकसते, भिंतीपासून सुटते. त्या फटीत वरची माती, खडे, कचरा पडतो. पावसाळ्यात माती पुन्हा फुगते तेव्हा तिची जागा आधीच भरलेली असते, म्हणून भिंत आणखी थोडी ढकलली जाते. माती दरवर्षी मागे जाते, भिंत कधीच जात नाही. म्हणूनच बांधल्यावर चार पावसाळे सरळ उभी राहिलेली भिंत सुरक्षित आहे, असं धरून चालता येत नाही. त्यात भिंतीलगत गळकं गटार किंवा धुलाईच्या पाण्याची फुटकी नळी असली, तर तेवढाच भाग बारमाही ओला राहतो आणि भिंतीला मध्येच पोट येतं.

यावरचा उपाय आपल्याच राज्यात शोधला गेला. आयआयटी मुंबईचे डॉ. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर अनेक वर्षं प्रयोग केले. फुगणारी माती आणि बांधकाम यांच्यामध्ये न फुगणाऱ्या, पण चिकटपणा असलेल्या मुरमासारख्या मातीचा सुमारे मीटरभर थर दाबून घातला की दाब खूपच कमी होतो, हे त्यांनी दाखवलं. कालव्यांच्या अस्तरीकरणासाठी ही पद्धत भारतीय मानकातही आली. भिंतीलाही तेच लागू पडतं. म्हणून भिंतीची जाडी वाढवण्याआधी पैसा मुरमावर, मागच्या खडीच्या थरावर आणि पाणी बाहेर काढणाऱ्या भोकांवर खर्च करावा, असं माझं ठाम मत आहे. पायाही काळी माती ओलांडून कठीण मुरमापर्यंत न्यावा.

मातीची पहिली परीक्षा फार स्वस्त आहे. चाळलेली कोरडी माती 10-10 ग्रॅम घेऊन एका मोजपात्रात पाण्यात, दुसऱ्यात रॉकेलमध्ये टाकतात आणि दिवसभर ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीच्या दीडपटीहून जास्त भरली, तर ती भिंतीमागे घालू नये.

पुण्यातल्या कोंढव्यात 29 जून 2019 रोजी मुसळधार पावसात सोसायटीची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून 15 जणांचा जीव गेला. तिथलं कारण काळी माती होतं असं नाही. पण भिंतीच्या पायथ्याशी कोण राहतं, हा प्रश्न इथेही तोच आहे. कारखानदारांनी मेअखेरीस भिंतींची भोकं मोकळी करून घ्यावीत, ओळंबा लावून कल तपासावा आणि कललेल्या भिंतीला टेकून कामगारांची पत्र्याची खोली असेल, तर ती पहिल्या पावसाआधी हलवावी.