मोजलेलें पाणी आणि मोठें कुटुंब

पाणी व्यर्थ सांडूं नये, ही शिकवण आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या दिली आहे. पहाटे भरून ठेवलेले हंडे आणि झांकलेलें पिंप यांतच तिचें मर्म होतें. जितकें भरलें तितक्यांतच दिवस भागवावयाचा. घरांत नळ आला आणि ही मर्यादा डोळ्यांआड झाली. आतां ती यंत्राच्या रूपानें परत येऊं पाहत आहे. मीटरांत आगाऊ पैसे भरावे, तेवढेंच पाणी यावें आणि पैसे सरतांच झडप आपोआप मिटावी, अशी व्यवस्था परदेशांत कित्येक शहरांनीं केली. त्यांपैकीं दक्षिण आफ्रिकेंतील जोहान्सबर्ग शहराची हकीगत विशेष गाजली. एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्या आमच्या वाचकांनीं ती अवश्य जाणून घ्यावी, असें आम्हांस वाटतें.

जोहान्सबर्गच्या नैर्ऋत्येस सोवेटो ही विस्तीर्ण वस्ती आहे. कृष्णवर्णीयांस गोऱ्यांपासून दूर ठेवण्याच्या धोरणांतून ती वाढली. तेथें प्रत्येक घर महिन्यास २०,००० लिटर पाणी वापरतें असें गृहीत धरून ठराविक आकार लावीत असत. जमिनींतील जुने नळ आणि घरांतील तोट्या गळत, पुष्कळसें पाणी मातींत मुरे, आणि बिलें थकत. ही नासाडी थांबविणें नगरपालिकेस भागच होतें. सन २००४ च्या सुमारास तिनें सोवेटोंतील फिरी या भागापासून आरंभ केला. नवे नळ घातले आणि आगाऊ पैशांचीं मीटरें बसविलीं. दरमहा पहिलें ६,००० लिटर पाणी विनामूल्य. पुढें हवें असल्यास अगोदर पैसे भरावे. न भरल्यास नवा महिना लागेपर्यंत नळ कोरडा!

६,००० लिटर म्हणजे दिवसास २०० लिटर. आठ माणसांत वांटलें तर प्रत्येकाच्या वांट्यास २५ लिटर येतें. परंतु फिरींतील पुष्कळ आवारांत मूळ घराच्या पाठीमागें खोपटीं असून त्यांत आप्त किंवा भाडेकरी राहत. आवार एक, मीटर एक आणि माणसें सोळा असलीं कीं प्रत्येकीं साडेबारा लिटरच उरे. स्वयंपाक, स्नान, धुणें, आजाऱ्याची शुश्रूषा, सारें तेवढ्यांत बसवावयाचें. यंत्रानें आवार मोजलें. आवारांतील माणसें मोजलीं नाहींत. सन २००५ मध्यें अशाच एका खोपटास आग लागली. मीटरांतील पाणी संपल्यामुळें ती वेळेवर विझवितां आली नाहीं आणि दोन लहान मुलें दगावलीं, असें पुढें न्यायालयांत सांगण्यांत आलें.

लिंडिवे माझिबुको आणि फिरींतील आणखी चार रहिवासी यांनीं दाद मागितली. पुरेसें पाणी मिळण्याचा हक्क दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेंतच नमूद आहे, हा त्यांचा आधार. सन २००८ मध्यें उच्च न्यायालयानें मीटरें बेकायदा ठरवून माणशीं ५० लिटर पाणी द्यावें असा निकाल दिला. २००९ च्या मार्चमध्यें अपील न्यायालयानें तो आंकडा ४२ वर आणला. परंतु त्याच वर्षीं ८ ऑक्टोबरला घटना-न्यायालयानें दोन्ही निकाल फिरविले. किती लिटर पाणी पुरेसें, हें ठरविणें न्यायालयाचें काम नव्हे, आणि नगरपालिकेची योजना अवाजवी नाहीं, असें त्यानें म्हटलें. तथापि दावा चालू असतांनाच नगरपालिकेनें गरिबांकरितां आपले नियम सैल केले होते, याची नोंदही न्यायालयानें घेतली. रहिवासी हरले खरे, पण त्यांचें भांडणें अगदींच वायां गेलें नाहीं.

इंग्लंडांत मात्र उलट घडलें. पैसे संपतांच पाणी तोडणारीं यंत्रें तेथील उच्च न्यायालयानें १९९८ सालीं बेकायदा ठरविलीं, आणि १९९९ च्या कायद्यानें पैसे थकले म्हणून राहत्या घराचें पाणी तोडण्यास किंवा यंत्रानें अडविण्यास मनाई केली. थकलेली रक्कम अन्य मार्गानें वसूल करावी, पाणी रोखूं नये, हें तेथील धोरण.

यावरून मीटर ही वस्तुच वाईट, असा ग्रह कोणीं करून घेऊं नये. मोजल्यावांचून काटकसर होत नाहीं. नोंद ठेवणारें मीटर घरास उपकारकच होय. पाणी तोडण्याचा अधिकार त्याच्या हातीं गेला, कीं भीति सुरू होते. कारण घरांत तान्हें मूल आहे कीं कोणी अंथरुणास खिळलें आहे, हें त्यास कळत नाहीं. वापर वाढेल तसा दर चढविण्याची जी पद्धत आहे, तींतही हाच प्रश्न सौम्य रूपानें दडलेला असतो. दोघांचें बिऱ्हाड आणि तीन भावांचें एकत्र कुटुंब यांस एकच टप्पा लावला, तर मोठें कुटुंब माणशीं कमी पाणी वापरूनही महाग दरांत सांपडतें.

म्हणून घरांतील हिशेब माणशीं ठेवावा. आठवड्याचा आंकडा टिपून त्यास दिवसांनीं व माणसांनीं भागावें. सणासुदीस पाहुणे आले तर डोकीं वाढवून भागावें. शहरी पाणीयोजना आंखतांना आपल्याकडे माणशीं दिवसास १३५ लिटर हें प्रमाण धरतात; त्याच्याशीं आपला आंकडा ताडून पाहावा. रात्रीं टाकी पूर्ण भरल्यावर सर्व तोट्या बंद करून मीटर पाहावें, पहाटे कोणी नळ उघडण्यापूर्वी पुन्हां पाहावें. आंकडा सरकला असल्यास कोठें तरी गळती आहे असें समजावें. चुली वेगळ्या असतील तर प्रत्येक शाखेस लहान मीटर बसवावें; म्हणजे जावाजावांतील कुरबूरही कमी होईल.

आणि उद्यां आगाऊ पैशांचें यंत्र आपल्या दारीं आलें, तर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्या. या घरांत माणसें किती धरलीं आहेत? अपरात्रीं आग किंवा आजार उद्भवल्यास पाणी कसें सुटेल? आणि झडप मिटण्यापूर्वी आमचें म्हणणें कोण ऐकून घेणार?