मोबाईल अॅप शिकण्यापूर्वीची तयारी



आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी "मला मोबाईल अॅप बनवायला शिकायचे आहे" असे म्हणते, तेव्हा आई-वडील पोटाला चिमटा घेऊन क्लासची फी भरतात. परंतु काही मुले महिन्या-दोन महिन्यांतच क्लास सोडतात. दोष त्यांच्या बुद्धीचा नसतो. पाया न घालताच भिंत उभारली जाते. म्हणून फी भरण्यापूर्वी काय यावयास हवे, ते पाहू.

पहिली गरज पायरीपायरीने विचार करण्याची. त्यास संगणकही लागत नाही. समजा, संस्थेच्या वर्गणीचे अॅप करावयाचे आहे. वर्गणी जानेवारीपासून दरमहा ५० रुपये. ऑक्टोबरअखेर एका सभासदाने चार महिन्यांचे पैसे भरले आहेत, म्हणजे सहा महिन्यांचे ३०० रुपये बाकी. पण तो जूनमध्येच सभासद झाला असेल तर? मग पाचच महिने धरावयाचे आणि बाकी फक्त ५० रुपये. हा विचार राहून गेला, तर एका प्रामाणिक माणसाच्या नावावर २५० रुपयांची खोटी थकबाकी दिसेल. असे 'जर-तर' कागदावर मांडता येणे हीच प्रोग्रामिंगची खरी सुरुवात होय.

दुसरी गरज एका प्रोग्रामिंग भाषेची. अँड्रॉइडसाठी गुगलने २०१९ मध्ये कोटलिन भाषेला अग्रक्रम दिला. आयफोनसाठी अॅपलने २०१४ मध्ये स्विफ्ट आणली. फ्लटरसाठी डार्ट, तर रिअॅक्ट नेटिव्हसाठी जावास्क्रिप्ट लागते. या दोन्हींतून दोन्ही प्रकारच्या फोनसाठी अॅप करता येते. नावे पाहून गोंधळू नये. व्हेरिएबल, अट, लूप आणि फंक्शन या कल्पना सर्वांत सारख्याच आहेत. एक भाषा नीट आली की दुसरी जड जात नाही. दर महिन्याला भाषा बदलणाऱ्यास मात्र एकही येत नाही.

तिसरी गरज माहितीच्या मांडणीची. सभासदांची नावे, तारखा व रकमा तक्त्यात कशा ठेवाव्यात, हे समजले पाहिजे. अँड्रॉइडमध्ये त्यासाठी एस्क्यूलाइट ही सोय असते. खजिनदाराने केलेली नोंद सेक्रेटरींच्या फोनवरही दिसावयाची असेल, तर ती सर्व्हरवर ठेवावी लागते. फोन सर्व्हरकडे माहिती मागतो व सर्व्हर ती पाठवितो, ही देवाणघेवाण ओळखीची असावी.

चौथी गरज इंग्रजी वाचनाची. फाडफाड बोलता येण्याची नव्हे! प्रोग्राम चुकला की पडद्यावर चूक कोणत्या ओळीत आहे हे बहुधा इंग्रजीत लिहून येते. ते न घाबरता, शब्दकोश घेऊन वाचावे.

साधनांचाही विचार हवा. अँड्रॉइड स्टुडिओसाठी किमान ८ जीबी रॅमचा संगणक लागतो. संगणकाच्या पडद्यावर नकली फोन चालविण्याऐवजी आपलाच फोन केबलने जोडून चाचणी घेतली, तर संगणकावरचा भार कमी होतो. आयफोनचे अॅप बनविणाऱ्या एक्सकोडसाठी मात्र मॅक संगणकच लागतो.

तेव्हा मित्रांनो, आधी वर्गणीचा हा हिशेब वहीत मांडा, मग तो कोणत्याही एका भाषेत स्वतः लिहून चालवून पाहा. उत्तर ३०० आणि ५० असे बरोबर आले, की खुशाल क्लासला नाव घाला. मग आई-वडिलांचा पैसा वाया जाणार नाही. जाणत्या सभासदांनीही मुलांच्या वह्या आस्थेने तपासाव्यात, ही विनंती.